वॉर्डचा फोन

असं समजा, की फेब्रुवारीतली रविवारची सकाळ आहे. उन्हात उभं राहिलं की स्वेटर काढावासा वाटतो आणि सावलीत गेलं की पुन्हा घालावासा वाटतो, अशी. तुम्ही ग्वाल्हेरच्या फूलबागेच्या मैदानात उभे आहात. समोर चुन्याची पांढरी रेघ आखली आहे आणि रेघेपलीकडे रस्ता आहे. तुमच्या डाव्या मनगटावर घड्याळ आहे आणि जाकिटाच्या उजव्या खिशात तुमच्या आईचा फोन आहे. दिसलं सगळं? आता तिथून तुम्ही जरा बाजूला व्हा आणि त्या जागी यशश्रीला उभी करा. इयत्ता पाचवी, दोन वेण्या, वरचा एक सुळा अजून अर्धाच आलेला.

यशश्री तिथे का उभी होती, ते सांगतो. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. एकट्याने धावायचं तर भल्याभल्यांचे पाय बोलू लागतात. पण त्या दिवशीची शर्यत रिलेची होती. एके ठिकाणी काम करणाऱ्या सहा जणांनी ते अंतर वाटून घ्यायचं. प्रत्येकाने एक फेरी मारायची, फूलबागेतून निघून पडावाच्या पुलावरून पलीकडे आणि वळसा घालून परत. खांद्यावरून तिरपा घातलेला कापडी पट्टा पुढच्याच्या खांद्यावर चढवला की आपलं काम संपलं. बँकेतली माणसं आली होती, वीज कंपनीतली आली होती, एका शाळेतले मास्तर आले होते. आणि लश्कर नावाच्या भागातल्या मुलांच्या इस्पितळातला एक वॉर्ड आला होता, पिवळा पट्टा घेऊन. यशश्रीची आई, मधुवंती, त्याच वॉर्डात नर्स होती.

हा पिवळा पट्टा पहिल्यापासूनच मागे पडत चालला होता, आणि त्याचं कारण पाय नव्हते.

इस्पितळात एक पद्धत असते. रात्रपाळीची नर्स सकाळी घरी निघाली, की सकाळच्या नर्सला ती प्रत्येक खाटेपाशी घेऊन जाते आणि सगळं सांगते. याला ताप किती होता, तो किती दूध प्यायला, हिची सुई कुठल्या हाताला आहे. याला ‘ओव्हर देणं’ म्हणतात. ओव्हर पुरा झाल्याशिवाय कुणी वॉर्ड सोडायचा नाही, मग घरी पाहुणे येऊन बसलेले का असेनात. वर्षानुवर्षं ही सवय ज्यांच्या अंगात मुरली, ती माणसं रस्त्यावर धावायला आली तरी काय करणार? पहिली फेरी करून डॉक्टर भालचंद्र आले, त्यांनी पट्टा काढला, पण हातातून सोडला नाही. धापा टाकत ते पुढच्या सिस्टरला सांगू लागले, “पुलाच्या चढावर घाई करू नका. माझी नाडी तिथे एकशे सत्तरवर गेली होती. उतारावर गुडघ्यांना जपा...” सिस्टर मान डोलावत होत्या. बँकेची माणसं एव्हाना कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली होती.

“चव्वेचाळीस सेकंद!” यशश्री घड्याळात बघून ओरडली. “डॉक्टरकाका, नुसता पट्टा द्यायचा असतो!”

“अगं, पण सांगायला नको?” डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं, यात चुकलं काय.

पुढच्या दोन सिस्टरांनीही तेच केलं. तशी बाकीच्यांना पहिल्या नंबराची पडलेली नव्हती. पण यशश्रीला सेकंद-सेकंद मोजावासा वाटत होता. कारण सहावी फेरी विजयाबाईंची होती, आणि नियम असा होता, की दहा वाजले की नव्या धावणाऱ्याला रेघेपलीकडे सोडायचं नाही. दहानंतर एका बाजूने गाड्या सुरू होणार होत्या. पाचवा माणूस दहाच्या आत आला नाही, तर सहाव्याने घरी जायचं.

विजयाबाई त्या वॉर्डात आया होत्या. मुलांना न्हाऊ घालणं, चादरी बदलणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात फिरवणं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. दर वर्षी इस्पितळाचा संघ धावायचा, पण त्यात डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. आयांना कुणी नको म्हटलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. या वर्षी एका सिस्टरचा पाय मुरगळला आणि मधुवंतीने विचारलं, “विजयाबाई, तुम्ही येता का?” तेव्हा त्या आधी हसल्या होत्या आणि मग घरी जाऊन रात्रभर झोपल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या कटोरातालाच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि यशश्री त्यांच्यासोबत. पहिल्या आठवड्यात साठ वर्षांच्या विजयाबाई अर्धा फेरा धावल्या आणि बाकावर बसल्या. “यशू, ही छाती आहे की भाता गं?” पण दीड महिन्यात त्या न थांबता सात किलोमीटर जाऊ लागल्या. हळू, पण न थांबता. यशश्रीने ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता विजयाबाई पिवळा टी-शर्ट घालून, खाली सलवार आणि नवे बूट घालून खुर्चीवर बसल्या होत्या. दर पाच मिनिटांनी त्या बुटाची नाडी सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या.

साडेआठला मधुवंती स्कूटरवरून आली. रात्रपाळी करून थेट मैदानात. केसांना अजून वॉर्डातल्या पिना तशाच होत्या.

“आई, किती उशीर! चौथ्या फेरीचे तरुणदादा निघाले पण. आठ अठ्ठावीसला.”

“अगं, आजच्याइतका ओव्हर मी कधी उरकला नव्हता,” मधुवंती बूट बदलता बदलता म्हणाली. “सकाळपाळीची गरिमा म्हणाली, दीदी जाओ, रजिस्टर में सब लिखा तो है. म्हणून पळत आले.”

“मधुसिस्टर, काही खाल्लंत का?” विजयाबाईंनी केळं पुढे केलं.

केळं खाता खाता मधुवंतीने रात्रीची गंमत सांगितली. सात नंबरच्या खाटेवर एक पाहुणे आले होते. नाव दिग्विजयसिंह, वय चार. ताप चढलेला आणि औषध म्हटलं की दातखीळ. चमच्याने नाही, वाटीने नाही, आईच्या हातून नाही. “शेवटी मला काय म्हणतो, ‘तुम देखती हो, इसलिए नहीं पीता.’ म्हटलं बरं. कप त्याच्या हातात दिला, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, त्याच्या आईलासुद्धा. मी मोठ्याने दहापर्यंत मोजायला लागले. सातवर मागून आवाज आला, ‘हो गया.’ कप रिकामा!”

विजयाबाई इतक्या हसल्या, की नाडी बांधायची राहिली.

मग मधुवंतीने फोन यशश्रीच्या हातात दिला. “जपून ठेव. आणि वॉर्डचा आला तर मी कुठेही असले तरी मला द्यायचा. समजलं?”

“हो.”

हे ‘हो’ यशश्रीने शंभरदा म्हटलं होतं. घरी जेवताना, सणाला, सिनेमाला, सगळीकडे तो एकच नियम होता.

तरुणदादा हा वॉर्डातला ब्रदर. सहांत तोच एक खरा धावणारा. त्याने तीन मिनिटं वाचवून आणली. नऊ वाजून पाच मिनिटांनी तो कोपऱ्यावर दिसला. मधुवंती रेघेवर जाऊन उभी राहिली. यशश्रीने मनात हिशेब केला. आईला पन्नास मिनिटं लागतात. आज रात्रीचं जागरण आहे, बावन्न धरू. नऊ सातला निघाली तर नऊ एकोणसाठ. जेमतेम.

आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

तिने अर्धा बाहेर काढून पाहिला. ‘वॉर्ड’.

आई चार हातांवर उभी होती. हाक मारली असती तर वळली असती. वळली असती तर फोन घेतला असता, आणि घेतला असता तर पाच मिनिटं, दहा मिनिटं, ती कधीच अर्ध्यावर ठेवत नाही. यशश्रीने विजयाबाईंच्या नव्या बुटांकडे पाहिलं. मग फोनच्या बाजूचं बटण दाबलं. थरथर थांबली.

तरुणदादा आला. पट्टा मधुवंतीच्या खांद्यावर चढवत तो म्हणाला, “सिस्टर, पुलावर डावीकडून चढा, उजवीकडे खडी सांडली आहे. दुसऱ्या टेबलावरचं पाणी बर्फ आहे नुसतं, पिऊ नका. वळणावर एक कुत्रा बसतो, तो काही करत नाही, पण...”

“तरुणदादा, छोडो ना!” यशश्री किंचाळली. बाजूचे मास्तर हसले. मधुवंतीही हसली आणि पळाली. नऊ वाजून सात मिनिटं.

आईची पाठमोरी वेणी गर्दीत दिसेनाशी झाली आणि फोन पुन्हा थरथरला. यशश्रीने तो वाजू दिला. मग थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. खिशावर तळहात दाबून ती उभी राहिली. तुम्ही कधी असं काही खिशात धरलं आहे का, जे दुसऱ्या कुणाला दिसत नाही, पण आपल्याला मात्र त्याशिवाय काही सुचत नाही? तसं तिचं झालं. वॉर्डातून कुणी उगीच तीनदा फोन करत नाही, हे नर्सच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही.

नऊ पंचवीसला चौथ्यांदा आला, तेव्हा तिने घेतला.

“मधुदीदी?” गरिमासिस्टरचा आवाज. मागे एक मूल रडत होतं. घसा बसेपर्यंत रडून झाल्यावर जसं रडतात, तसं.

“नहीं दीदी, मैं यशश्री. मम्मी दौड़ रही है.”

“अरे हाँ, निकल गई? बेटा, मैं कब से लगा रही हूँ. सुनाई नहीं दिया?”

“नहीं दीदी,” यशश्री म्हणाली. “यहाँ बहुत शोर है.”

किती सहज आलं ते तोंडातून. तिचं तिलाच नवल वाटलं.

“कोई बात नहीं, गलती मेरी है, रेस के टाइम फोन कर दिया. ये सात नंबर दवाई नहीं ले रहा. बुखार एक सौ तीन है. दो बार थूक दी. रजिस्टर में लिखा है कि रात को ले ली थी. कैसे ली, बस यही पूछना था मम्मी से.”

यशश्रीने फोन कानाशी घट्ट धरला. मग ती बोलू लागली. कप त्याच्याच हातात द्यायचा. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, त्याच्या आईने पण. कुणी चोरून बघायचं नाही. आणि दहापर्यंत मोठ्याने मोजायचं. सगळं तिने दोनदा सांगितलं, नीट, सावकाश.

“बस इतना?” गरिमा म्हणाली. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. “चलो, सब मुँह फेरो... आप भी, भाभी... एक, दो...” रडणं चालूच होतं. चार, पाच. रडणं जरा कमी झालं. आठवर नाक ओढल्याचा आवाज. नऊ. दहा. मग अकरा, बारा. गरिमा मोजतच राहिली. सोळाला एक बारीकसा बसलेला आवाज आला, “हो गया.”

“पी ली!” गरिमा फोनवर ओरडली. “थैंक यू बेटा. तू तो पक्की सिस्टर है.”

फोन बंद झाला. यशश्रीने वर पाहिलं. विजयाबाई तिच्याकडेच बघत होत्या.

“सात नंबरचा का गं?”

“हो. घेतलं त्याने आता.”

“किती वेळ रडत होता?”

यशश्रीने घड्याळाकडे पाहिलं. नऊ पाच ते नऊ सत्तावीस. “बावीस मिनिटं,” ती म्हणाली.

“तू बटण दाबलंस ते पाहिलं मी,” विजयाबाई म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. चादरीवर डाग दिसला, की त्या जसं म्हणायच्या, तसंच म्हणाल्या.

“मावशी, आई थांबली असती तर तुम्हाला जाऊच दिलं नसतं. मी तुमच्यासाठी...”

“माझ्यासाठी.” विजयाबाईंनी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि यशश्रीला तिथे बसवलं. “मला नसतं धावायला मिळालं तर काय झालं असतं? घरी गेले असते, पाय पसरून चहा प्यायले असते.”

“पण तुम्हाला धावायचं होतं ना?”

“खूप,” विजयाबाई म्हणाल्या.

वीज कंपनीचा शेवटचा माणूस टाळ्या घेत पोहोचला. कुणीतरी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

“मग आता तुम्ही धावणार नाही?” यशश्रीने हळूच विचारलं.

“धावणार की. मधुसिस्टर रात्रभर जागून त्या पुलावर चढताहेत, त्या येतील तेव्हा पट्टा घ्यायला कुणी नको? पाच जणांचे कष्ट पाण्यात नाही घालवायचे मला. पण एक ऐक, यशू. जे केलंस ते तुझं आहे. त्यात माझं नाव घालू नकोस. ‘मावशीसाठी केलं’ असं कुणाला सांगू नकोस. तेवढं मला नको.”

त्या उठल्या आणि पाय झटकत रेघेकडे चालत गेल्या. यशश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

नऊ पन्नास. पंचावन्न. लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, की दहा वाजता रेघ बंद होईल. छातीला बिल्ला लावलेला एक माणूस दोरी घेऊन येऊन उभा राहिला. विजयाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कोपऱ्याकडे. नऊ सत्तावन्न. आणि मग ती दिसली. एक हात कुशीवर, तोंड लाल, पट्टा खांद्यावरून घसरलेला.

“आई! आई!” यशश्रीने सगळा घसा मोकळा केला.

मधुवंती रेघेवर आली ती जवळजवळ पडतच. विजयाबाईंनी तिला एका हाताने सावरलं, दुसऱ्या हाताने पट्टा घेतला. आणि मधुवंतीने काय करावं? दम लागलेला असताना तोंड उघडलं. “पुलावर... डावीकडून... खडी... कुत्रा उठून गेलाय...”

यशश्री या वेळी ओरडली नाही. विजयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “समजलं, सिस्टर,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या. हळू, पण न थांबता. बिल्लेवाल्याने घड्याळ पाहिलं, दहाला अर्धं मिनिट कमी होतं. त्यांच्या मागे त्याने दोरी बांधली.

सगळा वॉर्ड ओरडत होता. डॉक्टर भालचंद्र तर शिट्टी वाजवत होते. दीड महिना यशश्री याच क्षणाची वाट बघत होती, आणि तिला ओरडावंसं वाटेना.

मधुवंती गवतावर पाय पसरून बसली. पाणी प्यायली, आणि दुसरा घोट घ्यायच्या आधी म्हणाली, “फोन आला होता का?”

“वॉर्डचा. सात नंबर औषध घेत नव्हता. मी सांगितलं गरिमादीदीला, कसं द्यायचं ते. घेतलं.”

मधुवंतीने बाटली खाली ठेवली. “अरे देवा. लिहिलं फक्त ‘दिलं’ म्हणून. कसं दिलं, ते सांगायचंच राहिलं.” तिने कपाळ पुसलं. “शर्यतीच्या नादात ओव्हर उरकला, त्याचं हे. माझीच चूक.” मग यशश्रीचा गाल ओढून म्हणाली, “तू होतीस म्हणून बरं. शाबास.”

बघा, काय झालं होतं. गरिमा म्हणत होती, गलती मेरी. आई म्हणत होती, माझीच चूक. ज्या दोघींनी फोन बंद केला नव्हता, त्या दोघी भांडल्यासारख्या ती चूक आपल्याकडे ओढत होत्या. आणि यशश्रीला मिळाली होती शाबासकी. ती शाबासकी तिला नव्या लोकरी स्वेटरसारखी टोचत होती.

“मी जाऊन येते वॉर्डात,” मधुवंती उठत म्हणाली. “त्याचा ताप बघते, गरिमाला सॉरी म्हणते, मग घरी जाऊन झोपते. तू थांब इथे. विजयाबाई अकराच्या सुमाराला पोहोचतील. तुला बघायचं आहे ना त्यांना येताना? डॉक्टर सोडतील तुला घरी.”

यशश्रीने रस्त्याकडे पाहिलं. पिवळा टी-शर्ट आता कुठेच दिसत नव्हता. तो त्या कोपऱ्यावरून परत येईल, तेव्हा टाळ्या होतील, फोटो निघेल, आणि त्या फोटोत विजयाबाई असतील.

“मीपण येते,” ती म्हणाली.

“अगं, पण मावशी विचारतील.”

“त्यांना माहीत आहे.”

मधुवंतीला काही कळलं नाही, पण ती इतकी दमली होती, की तिने जास्त विचारलं नाही. स्कूटर आडवाटेने लश्करात शिरली. रविवार असल्यामुळे रस्ते रिकामे होते. वाटेत यशश्रीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा वाऱ्याचं निमित्त करून मिटलं.

वॉर्डाच्या दारात गरिमा उभी होती. हातात थर्मामीटर, चेहरा हसरा. “दीदी, एक सौ एक पर आ गया! अब बिस्कुट माँग रहा है.”

आत, खिडकीजवळच्या खाटेवर, एवढासा दिग्विजयसिंह उशीला टेकून बसला होता. रडून रडून त्याच्या पापण्या सुजल्या होत्या. यशश्रीने त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडे बघत राहिला, कारण त्या वॉर्डात खाटेवर नसलेली मुलगी तीच एक होती.

“गरिमा, सॉरी,” मधुवंतीने सुरुवात केली. “सुबह मुझे ही...”

यशश्रीने आईचा हात मागून घट्ट धरला आणि तिच्या पुढे येऊन उभी राहिली.

“दीदी, फोन सुनाई दिया था,” ती गरिमाला म्हणाली. मग मान वर करून आईकडे वळली. “पहिला आला तेव्हा तू तिथेच उभी होतीस, आई. मी बंद केला.”